मुरू दे अजून

कापसाची प्रत नुसत्या चिमटीत ओळखणाऱ्या लक्ष्मीकांतरावांनी मलकापुरातल्या घरी अखेर ती बाटली फोडली. आल्हाद या जिवलग मित्राच्या लेकीनं, इरानं, ती बारा वर्षं मुरलेली बर्बन व्हिस्की अमेरिकेहून दोघांसाठी आणली होती. "फोडायची का बे?" आल्हाद दर दिवाळीला विचारायचा. "मुरू दे अजून," हे सांगायचे. अशा दहा दिवाळ्या गेल्या. काल आल्हादची तेरवी झाली. एक ग्लास त्याच्या खुर्चीपुढं ठेवून त्यांनी दुसऱ्यातला घोट जिभेवर घोळवला. चिकीच्या पाकाचा वास, मागाहून मिरीचा चटका. "काय मुरली पोरी दहा वर्षांत!" तेरवीसाठी आलेली इरा समोरच होती. ती घुटमळली. "काका, व्हिस्की लाकडी पिंपातच मुरते. बाटलीत नाही. आणली तेव्हाही अशीच होती." "आल्हादले मालूम होतं?" "हाव." "मंग बोलला काऊन नाही?" "तुमची पारख बाबा खोटी कशी पाडतील? म्हणून दर दिवाळीला नुसतं विचारायचे."