नदीपलीकडची छावणी

बाबांनी बावीस वर्षं चालवलेल्या युद्धाच्या कॉम्प्युटर गेमचा नकाशा नदीपाशी संपायचा. ते गेल्यावर नवी आवृत्ती लेकीकडे आली. पलीकडचा मुलूख तिने त्याच सकाळी तयार केला होता, अजून रिकामाच होता. उघडून पाहते तर तिथे एक छावणी, आणि तिचा मागचा दरवाजा उघडा.

प्रत्येक छावणीचा मागचा दरवाजा असा उघडा ठेवायची बाबांची खोडच होती. "सैनिकाला घरी जायला वाट ठेवावी," म्हणायचे.

तिने छावणी तीनदा पुसली. तीनदा ती परत आली, दर वेळी नदीच्या जरा जवळ.

"हे बघ, तुझ्या बाबांचं जुनं काही ठेवायचं नाही, ठरलंय आपलं," कंपनीचे साहेब तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाले. "नवं सैन्य घाल अंगावर. उडव एकदाचं."

"नाही उडवणार. करा काय करायचं ते."

आणि साहेबांच्या नाकावर टिच्चून तिने नदीवर पूल बांधला.

हुकूम कुणीच दिला नव्हता. तरी नवं सैन्य ओळीने पूल ओलांडून छावणीत शिरलं. शेवटचा शिपाई घरी परतल्यासारखा आत गेला, आणि बाबांनी बावीस वर्षांत एकाही छावणीचा कधी न लावलेला तो मागचा दरवाजा आतून बंद झाला.