शनिवारची गैरहजेरी

विनिता मॅडमनी यादीवरून पेन फिरवलं आणि कपाळावर हात मारला.

शाळेच्या कॅडेट तुकडीला लष्कराची छावणी दाखवायला न्यायचं ठरलं, तेव्हापासून डोक्याला नुसता ताप. अटी दोनच होत्या. परेडला पंचाहत्तर टक्के हजेरी आणि पालकांची सही. पण कल्याणच्या पोरांना अट दिसायच्या आधी पळवाट दिसते. सर्वेशच्या वडिलांनी तर थेट नगरसेवकाची चिठ्ठी आणली. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि चिठ्ठी परत दिली.

या सगळ्यांवर कडी केली ती मोहने गावातल्या मायाने. तुकडीतली सगळ्यात चोख कॅडेट. बुधवारच्या परेडला बारापैकी बारा वेळा हजर आणि शनिवारी सकाळच्या परेडला बारापैकी भोपळा. आता हिला काय म्हणायचं?

बुधवारी परेड सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. माया सावधानमध्ये उभी राहिली. घरी काम असतं, म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, शनिवारी सकाळी आई कामाला जाते आणि धाकट्या भावाजवळ कोणी नसतं. छावणी बघायची तिने आठवीपासून वाट बघितलेली. हे सांगताना तिचे डोळे भरून आले, पण मान हलली नाही.

मॅडमना कणव आली आणि म्हणूनच जास्त राग आला.

"अडचणी कोणाला नसतात गं? माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. नवऱ्याची शनिवारी पहाटेची पाळी. तरी मी सातच्या ठोक्याला मैदानावर असतेच ना? सासूबाईंपाशी शनिवारपुरती बाई ठेवलीय. जूनपासून त्या बाईने एक शनिवार चुकवला नाही. याला म्हणतात शिस्त."

"हो मॅडम."

"या शनिवारी सात वाजता आईला घेऊन ये. यापुढे तुला परेडला पाठवीन असं तिने लिहून दिलं, तर मी मुख्याध्यापकांशी भांडेन. नाही आली तर नाव कापलं."

"आईला सुट्टी नाही मिळणार, मॅडम."

"पोटच्या पोरीसाठी एक शनिवार सोडता येत नाही? कमाल आहे."

पाय आपटून मायाने सॅल्यूट ठोकला आणि ती गेली.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडम कणीक मळत असताना फोन वाजला. मंजुळा होती, शनिवारची बाई. दोघींची गाठ पडायची ती दारातच. एक धावतपळत आत, दुसरी धावतपळत बाहेर. बोलायला फुरसत कोणाला?

मंजुळाने चाचरत सांगितलं, उद्या यायला जमणार नाही. मॅडमचा पाराच चढला. उद्याच बरं सापडलं हिला! ऐन वेळेला दुसरी बाई कुठून आणायची? त्यांनी तोंडाला येईल ते सुनावलं.

"ताई, माझ्या पोरीसाठी एक शनिवार सोडा," मंजुळा म्हणाली. "तिच्या परेडच्या मॅडम लई कडक आहेत. सात वाजता बोलावलंय. नाही गेले, तर मायाचं नाव कापणार म्हणाल्यात."