बारा डोकी

बसच्या दाराशी उभी राहून कोरिन एकेका मुलाच्या डोक्याला हात लावत होती आणि स्वतःच्या हातावर पेनाने लिहिलेल्या नावापुढे खूण करत होती. बारा नावं, बारा डोकी.

"ऑफिसनं नवी यादी दिलीय गं," तिची मदतनीस जोलीन म्हणाली. "फाइलमध्ये ठेवते."

"ठेव. माझी यादी माझ्या हातावर आहे."

"आणि आंघोळ करताना काय करतेस?"

"आंघोळीला मी मुलं नेत नाही."

जोलीन खुदकन हसली. कोरिन नाही हसली.

उन्हाळी वर्गाची ती मुख्य शिक्षिका. गेल्या वर्षी याच वर्गाची सहल तळ्यावर गेली होती. परतताना तिने यादीवर नजर टाकली, डोळ्यांनीच डोकी मोजली आणि 'बारा' म्हणाली. अकरा होती. बारावा एमेट ब्रेकी, वय वर्षं सात. संध्याकाळी तो पाण्यात सापडला. चौकशी झाली, कागद रंगले, आणि हिवाळा उलटल्यावर मिनेसोटातल्या त्या लहानशा शाळेने तिला परत घेतलं. यंदा तळं नाही, देवदाराचं रान. तेही एवढ्या एका बोलीवर की सहल धड पार पडली तरच पुढे वर्ग तिचा. वर्गाचं तिला एवढं पडलं नव्हतं. बाराच्या बारा घरी पोचवायचे, एवढंच एक तिच्या मनाने घेतलं होतं. ते जमलं तर एमेट आपल्याला सोडेल, असं तिला वाटे.

कारण एमेट काही गेला नव्हता. जिन्यात, नळापाशी, पुस्तकांच्या फडताळाआड तो उभा असायचा. गेल्या वर्षीच्या वर्गाचा नारिंगी टीशर्ट अंगात. यंदाच्या मुलांचे हिरवे. समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, "दिसला तर बघायचं नाही. बोलला तर उत्तर द्यायचं नाही. आणि मोजायचा तर मुळीच नाही." कोरिनने ते अक्षरशः पाळलं होतं.

बसमध्ये चढल्यावर तिने मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर, ओपलच्या शेजारी, नारिंगी शर्ट. इतका लख्ख तो कधीच दिसला नव्हता.

तिने मान फिरवली. "चला हो, हॉलिस," ती ड्रायव्हरला म्हणाली.

रानात तिने धडा मात्र झकास घेतला. प्रत्येकाला एकेक दोरी. झाडाला वेढा घालायचा, गाठ मारायची, दोरी जमिनीवर पसरायची आणि पावलांनी मोजायची.

"मिस, माझं झाड अकरा पावलांचं!"

"तुझी पावलं चिमणीची, ब्रिन. माझ्या पावलांनी मोज, सहा भरतील."

मुलं खिदळली. डास फोडून काढत होते, तरी कोरिनला बऱ्याच दिवसांनी शिकवताना मजा येत होती. मग ओपल आली. ही मुलगी अतिशय गुणी, बोलणं मोजकं.

"मिस, माझी दोरी पुरत नाही."

"का गं? सगळ्यांना सारखीच दिलीय."

"अर्धी केली. वाटून घेतली."

"वाटलंस ते छान केलंस," कोरिन म्हणाली आणि तिला दुसरी दोरी दिली. कोणाशी वाटली, ते तिने विचारलं नाही.

जेवताना जोलीन कुरकुरली, "एक डबा कमी आला बघ. माझं सँडविच देऊन टाकलं."

"ऑफिसला मेलं कधी मोजता आलंय?" कोरिन म्हणाली.

दुपारी जोलीन डब्यांची खोकी स्वतःच्या गाडीत टाकून पुढे निघाली. कोरिन मुलांच्या दोऱ्या गोळा करत होती, तेवढ्यात तिच्या कोपराशी आवाज आला.

"मिस, मला शू लागलीय."

ती जागच्या जागी थिजली. वर्षभरात तो कधी बोलला नव्हता. तिने समोरच्या झाडाच्या सालीवर डोळे रोवले आणि मनात आकडे म्हणत राहिली. एक, दोन, तीन.

"मिस?"

सात, आठ. तिला वळून त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, माफी मागावीशी वाटली. ती वळली नाही. थोड्या वेळाने पावलं वाळक्या पानांवरून लांब गेली.

बसच्या दाराशी तिने पुन्हा हात लावून मोजलं. बाराच्या बारा. मग मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर ओपल एकटीच होती.

बस वळली तेव्हा आरशात तिला दिसलं. संडासाच्या खोपटापाशी नारिंगी शर्ट उभा होता, हात वर केलेला. तो लहान लहान होत गेला आणि झाडीत दिसेनासा झाला.

मुलांनी गाणं धरलं होतं. ओपल उठून पुढे आली. "मिस, तो..."

"बस चालू असताना उठायचं नाही, ओपल. नियम काय आहे आपला?"

ओपल मुकाट्याने जागेवर जाऊन बसली.

कोरिनने डोकं काचेला टेकवलं. आज पहिल्यांदा तो मागे राहिला होता. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. वर्षभराचा छातीवरचा धोंडा उतरला होता.

शाळेच्या फाटकाशी पालक उभे होते. बारा मुलं उतरली, बारा आयाबापांनी सह्या केल्या. मग एक बाई पुढे आली, आणि कोरिनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. डार्ला ब्रेकी. एमेटची आई.

डार्लाने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"वर्षभर मी तुम्हाला शिव्या घातल्या, मिस कोरिन. काल रात्री विचार केला, पुरे झालं. तुमच्याइतकं जपून आता कोण मोजणार? म्हणून आज सकाळी ऑफिसात सांगितलं, नाव घाला ते यांच्याच वर्गात घाला. हिरवे शर्ट संपले होते, त्यांनी गेल्या वर्षीचा उरलेला दिला. कामावर जायची घाई होती, म्हणून हॉलिसच्या हवाली करून गेले." तिने टाचा उंचावून रिकाम्या बसमध्ये पाहिलं. "धाकटा माझा झोपला की काय मागे?"