करंटची सुई

बेबीनंदाबाई परतूरच्या शाळेत शिकवायच्या. हनुवटीवरच्या केसांवरून वर्गातली पोरं एकदा हसली, तेव्हापासून त्या तोंडाशी पदर धरूनच बोलायच्या. शेवटी औरंगाबादहून त्यांनी सेलवर चालणारं एक छोटं यंत्र आणलं. त्याची सुई केसाच्या मुळाशी टोचली, की करंटनं मूळ जळायचं. नवरा कामावर गेला, की बाई दार लावून आरशापुढं बसायच्या. कातडीवर लाल चट्टे उठले, तर फोडणी उडाली म्हणून सांगायच्या.

एके दिवशी कडी नीट लागली नव्हती. त्यांची दहा वर्षांची लेक करुणा दार ढकलून आत आली आणि बघतच राहिली. बाईंनी घाईघाईनं यंत्र पदराखाली घेतलं. पोटच्या पोरीपुढंही शरमेनं त्यांना मान वर करवेना.

"मम्मी, मला बी कर ना," करुणा म्हणाली.

"येडी का तू? तुला कशाला लागतं हे? किती गोड दिसती माझी लेक!"

करुणा आरशात बघत हळूच म्हणाली,

"पण सगळे तर म्हणतेत, मी बिलकुल तुझ्यावर गेलेय."