घटाचे गहू

"देवीच्या गव्हाला कुणी औषध चोळतं का? उद्या तिलाच शिंक आली म्हणजे!" सासूबाईंची कुरकुर वृंदाला ओट्यापाशी ऐकू आली.

तिचे सासरे अण्णा हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून वाटीभर गहू गुलाबी करत बसले होते. ते अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते. गव्हाला बुरशी लागू नये म्हणून तिथे बियाण्याचं औषध बनायचं. त्यातलंच चिमूटभर त्यांनी पुडीत बांधून आणलं होतं.

"अगं, पंजाबात हजारो एकरांना चालतं हे. तुझ्या एका परडीला चालणार नाही होय?"

गेल्या नवरात्रात घट वृंदानेच पेरला होता. पाचव्या माळेला अंकुरांवर पांढरी बुरशी चढली आणि दसऱ्यानंतर आठच दिवसांत ती दवाखान्यातून रिकाम्या ओटीने घरी आली. तेव्हापासून या घरात बाळाचा विषय निघाला नव्हता आणि घटाचाही नाही.

"यंदा तुम्हीच पेरा, आई," ती कसंबसं म्हणाली. "माझा हात नको."

अण्णांचा हात वाटीतच थांबला. सासूबाईंनी खरवईहून आणलेल्या काळ्या मातीची परडी उचलली आणि सुनेपुढे ठेवली.

"बुरशी बियाण्याला लागते गं, हाताला नाही." मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "आणि बाळ काही घटामुळे गेलं नाही, वृंदा. मला वर्षभर तसं वाटत होतं. चुकलं माझं."