स्वतःलाच दिलेली हाक

चंद्रावरच्या वसाहतीत नऊ माणसं होती आणि हवा चार तासांची उरली होती. प्राणवायू बनवणारं यंत्र धड होतं, पण ते चालवणारा संगणक जळाला होता. इरफान मुल्लाने नवा संगणक जोडला, तरी यंत्र हलेना.

यंत्र मिरजेत बनलं होतं. तिथल्या कारखान्यातून रेवती म्हेत्रे इरफानशी बोलत होती.

"इरफानभाऊ, यंत्राकडे जाणारी केबल काढा आणि संगणकावरून यंत्राला हाक द्या."

"केबल काढली तरी उत्तर येतंय, ताई."

रेवती ताठ बसली. "म्हणजे संगणक स्वतःलाच उत्तर देतोय. नेटवर्कवर दोघांचा पत्ता एकच पडलाय. संगणकाच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदला, केबल जोडा आणि पुन्हा हाक द्या."

इरफानचा आवाज पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागायचा. आज तो सव्वा सेकंद सरता सरेना.

"आलं उत्तर. या वेळी यंत्राचंच आहे."

"मग सुरू करा."

आधी घरघर ऐकू आली, मग नऊ जणांचा एकच गलका.

"ताई, हवा येतेय," इरफान म्हणाला. "गार आहे."

कारखान्यात लेथ थांबवून उभे असलेले कामगार टाळ्या वाजवू लागले. चंद्रावर ऐकू जावं म्हणून रेवतीने माइक त्यांच्याकडे वळवला.