सबटायटल बंद

मल्हारगंजात मागच्या ट्रकचा हॉर्न बाबांना ऐकूच आला नाही, त्या दिवसापासून त्यांच्या स्कूटरची चावी माझ्या खिशात आहे. कानाच्या मशीनचं नाव काढलं की ते भडकतात, "अच्छा-खासा ऐकू येतं मला!"

शेवटी मीच शर्त लावली. लंडनहून मागवलेली त्यांची ती राजा-सरदारांची इंग्लिश कॉमेडी, कालच आलेली नवी डिस्क लावायची, पण सबटायटल बंद ठेवून. बरोबर जागी हसले तर चावी परत.

"लाव भिया!" बाबा म्हणाले. आई त्यांच्याच शालीत शिरून शेजारी बसली, तर तिला म्हणाले, "तुला काय कळणार यातलं?"

टीव्ही सोडून मी बाबांच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. पहिल्या विनोदाला ते हसले. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही. एकदा तर डिस्कमधल्या प्रेक्षकांच्याही आधी हसले. मी हरलो. चावी त्यांच्यापुढे धरली.

ती घ्यायला बाबांनी शालीतून हात बाहेर काढला.



मनगटापासून कोपरापर्यंत आईच्या चिमट्यांच्या लाल खुणा होत्या, प्रत्येक विनोदाची एक.